नवजात बाळाची शीची जागा पाहिली का?

बाळ जन्मले की घरात पहिला प्रश्न असतो, मुलगा की मुलगी? दुसरा, वजन किती? मग नाक कोणाच्या वळणावर गेले यावर चर्चा रंगते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बाळाची शीची जागा नीट आहे ना? काही वाचकांना हा विषय सकाळच्या चहाबरोबर वाचायला ओंगळ वाटेल. पण साधारण पाच हजार बाळांमागे एक बाळ गुदद्वार नसलेले, किंवा ते भलत्याच ठिकाणी उघडलेले असे जन्माला येते. हे पहिल्याच दिवशी लक्षात आले तर बहुतेक बाळे वाचतात. चौथ्या दिवशी लक्षात आले तर गाठ मोठी कठीण असते.

असे का होते? गर्भ चार आठवड्यांचा असताना लघवीचा आणि शौचाचा मार्ग एकाच पोकळीत उघडतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत मध्ये पडदा तयार होऊन दोन्ही मार्ग वेगळे होतात. हे काम अर्धवट राहिले की आतडे आंधळ्या बोळासारखे आतच संपते किंवा बारीक नळीने दुसरीकडे उघडते. मुलग्यांत ते बहुधा लघवीच्या नळीला जोडलेले असते. मुलींत योनिमार्गाच्या तोंडाशी लहानसे छिद्र असते. ग्रहणात विळी हाती धरली, डोहाळे पुरवले नाहीत, कोणाची नजर लागली, यापैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. ज्या आठवड्यांत ही रचना घडते, तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचेही नुकतेच कळलेले असते. सुनेला बोल लावण्यात गेलेला वेळ हा बाळाच्या आयुष्यातून वजा होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन दिवसांचे एक बाळ आणले. पोट ढोलासारखे तट्ट फुगलेले, हिरवी उलटी होत होती. बाळ शी करते का, या प्रश्नावर आजी ठामपणे म्हणाल्या, "व्हय की डॉक्टर, दुपट्याला लागलीया." दुपटे पाहिले तर डाग पुढच्या बाजूला होता. शी लघवीवाटे येत होती. मागे नुसती खळी होती, छिद्र नव्हतेच. घरात तीन दिवस घुटी देणे चालू होते. ते बाळ वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचले आणि वाचले. सगळ्यांचे दैव एवढे चांगले नसते.

आता उपचारांविषयी. "एवढ्याशा जिवाचे ऑपरेशन? त्यापेक्षा देवाच्या मनात असेल ते होईल," असे म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. पहिल्याच दिवशी मोठी शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. छिद्र कातडीतच अगदी जवळ उघडलेले असेल, तर एका लहान शस्त्रक्रियेत काम होते. आतडे वर असेल तर उपचार तीन टप्प्यांत होतात.

पहिला टप्पा म्हणजे पोटावर शौचाचा तात्पुरता मार्ग काढणे. याला कोलोस्टॉमी म्हणतात. याने जीव वाचतो. अनुभवी सर्जन, नवजात बाळाला भूल देऊ शकणारा भूलतज्ज्ञ आणि बाळाला ऊब देण्याची सोय एवढे असेल, तर साधनांची चणचण असलेल्या रुग्णालयातही हे करता येते. महागडे यंत्र लागत नाही. आतडे किती उंचीवर संपले आहे हे साध्या एक्स-रेवर कळू शकते. वान्गेनस्टीन आणि राइस या डॉक्टरांनी १९३० मध्ये बाळाला उलटे धरून फोटो काढण्याची युक्ती सांगितली होती. आता बाळाला पालथे निजवून, कुल्ले उंच ठेवून तो काढतात. त्यासाठी आतड्यात हवा खालपर्यंत उतरावी लागते, म्हणून डॉक्टर कधी चोवीस तास थांबतात. तो हलगर्जीपणा नव्हे.

दुसरा टप्पा बाळ वजन धरू लागल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी येतो. यात आतडे खाली आणून, शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंच्या बरोबर मधोमध बसवतात. मेक्सिकोतील डॉ. अल्बेर्टो पेन्या यांनी डॉ. डीव्हरीस यांच्यासह १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत त्यासाठी जगभर वापरतात. हे काम मात्र लहान मुलांच्या शल्यविशारदाचेच. पहिली संधी उत्तम असते, ती अर्धवट हातात देऊ नये. त्यानंतर नवी जागा आकसू नये म्हणून आईवडिलांना घरी रोज ठराविक जाडीची सळई घालून ती रुंद ठेवावी लागते. तिसऱ्या टप्प्यात पोटावरचा मार्ग बंद करतात.

मधल्या काळात बरेच पालक खचतात. पिशवी परवडत नाही म्हणून रडू नका. जुन्या धोतराची, मऊ सुती कापडाची घडी पोटावर बांधा, ओली झाली की लगेच बदला, कातडीला झिंक ऑक्साइडचे मलम लावा. आपल्याकडे असंख्य बाळे अशीच सांभाळली गेली आहेत. बाळाला अंगावर पाजायचे, न्हाऊ घालायचे, लसी द्यायच्या, यातले काहीही थांबवायचे नाही. आणि पोटावरून शी होते आहे, मग चालले आहे की, असे म्हणून पुढचे टप्पे टाळायचे नाहीत.

सगळी मुले पूर्ण ताबा मिळवतात असे मी म्हणणार नाही. पाठीच्या मणक्याच्या शेवटचे हाड आणि तिथल्या नसा चांगल्या असतील तर आशा मोठी असते. काहींना बद्धकोष्ठ राहते, काहींना रोज एनिमा घ्यावा लागतो. पण एनिमाची शिस्त लागली की मूल स्वच्छ राहून शाळेत जाते. या बाळांच्या हृदयात, मूत्रपिंडांत किंवा मणक्यांतही दोष असू शकतो, म्हणून सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणी टाळू नये.

आता वाचकांनी करायचे काय? प्रसूती दवाखान्यात होवो की गाडीत, बाळाला दुपट्यात गुंडाळण्यापूर्वी चांगल्या उजेडात मागची जागा पाहण्यास नर्सताईंना सांगा. शंका असली तर घरी बोट, साबणाची वडी किंवा एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ घालून पाहू नका. जागा दिसते, पण चोवीस तासांत काळपट हिरवी चिकट शी झाली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवा. आतड्याच्या नसांचा दुसरा एक जन्मजात आजार असू शकतो. मुलीला शी होते, पण बारीक आणि पुढून होते, तर तेही दाखवा.

मोठ्या रुग्णालयात नेताना तोंडाने दूध, पाणी, मध, घुटी काही देऊ नका. नाकातून पोटात नळी घालून घ्या, म्हणजे उलटी फुप्फुसात जाणार नाही. बाळाला टोपडे घालून आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरा. गगनबावड्याच्या पावसाळी रात्री वाटेत गारठलेले बाळ ऑपरेशन टेबलापर्यंत टिकत नाही. निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकरवी पुढे फोन करा. सीपीआर असो, मिरजेचे शासकीय रुग्णालय असो की चंदगडकरांना जवळ पडणारे बेळगाव, सर्जन आणि भूलतज्ज्ञ हजर असल्याची खात्री करूनच गाडी त्या दिशेला वळवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळावर उपचार विनामूल्य होतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या शस्त्रक्रियाही येतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

खर्चाचा विचार नंतर करता येतो. पहिल्या दिवशी फक्त पाहायचे असते, आणि दिसले तर निघायचे असते.