गोदीचा हजेरीपट आणि वऱ्हाडची हमाली

वऱ्हाडाला समुद्र नाही, तरी बंदराशी त्याचे नाते जुने आहे. 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि अमरावती-अकोल्याची रुई मुंबईच्या धक्क्याला लागू लागली. इथे हमालांनी वॅगनीत चढवलेली गाठ तिथे गोदी कामगार जहाजात उतरवत. दोघांचा इतिहास वेगवेगळा सांगितला जातो. माझ्या मते तो एकच आहे आणि त्याचा कणा पगारवाढ नसून नोंद आहे. गोदीवाल्यांनी संप करून मिळवलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हजेरीपटावरचे नाव.

ते नाव नसताना काय होते? जहाज लागले तर काम, नाही तर उपास. स्टीव्हडोर, म्हणजे जहाजातल्या मालाच्या चढ-उताराचा कंत्राटदार, टोळीवाल्याला सांगे आणि टोळीवाला भल्या सकाळी धक्क्याच्या दारात जमलेल्या गर्दीतून माणसे निवडी. निवड व्हावी म्हणून मजुरीतला वाटा त्याच्या हातावर ठेवावा लागे. लंडनच्या गोदीतही हेच होते. म्हणून 1889 च्या तिथल्या संपात तासाला सहा पेन्सबरोबरच, एकदा बोलावले की किमान चार तासांचे काम हवे, ही मागणी होती. आपल्याकडे गोदी कामगारांची नोंद करावी, असे कामगारविषयक व्हिटली आयोगाने 1931 मध्ये सुचवले. कायदा यायला 1948 उजाडले. मुंबईत त्याची योजना लागू झाली, सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे गोदी कामगार मंडळ बसले, पाळीपाळीने काम मिळू लागले आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचा भत्ता मिळू लागला. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांची संघटना याच काळात भक्कम झाली. 1958 च्या जूनमध्ये देशातली मोठी बंदरे संपाने थांबली. उद्या दारातून परत पाठवतील, ही भीती असलेला माणूस अशा संपात तग धरत नाही.

गोदीला लागूनच मशीद बंदरचा बाजार. तिथल्या माथाडींना, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना, अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात हमालांना बाबा आढावांनी संघटित केले. 1969 चा माथाडी कायदा आला तो गोदीच्याच साच्यात: नोंद, तिघांचे मंडळ आणि मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही, जिच्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा आणि उपचार मिळावेत.

यावर पहिला आक्षेप असा की जहाज अडले तर मालकाला रोजचा दंड बसतो, म्हणून गोदीचा संप चालतो. बाजारातला हमाल शंभर दुकानांत विखुरलेला. खरे आहे. पण म्हणूनच त्याला मंडळाची गरज गोदीवाल्यापेक्षा जास्त आहे. दुसरा आक्षेप, अशा मंडळांनी काम महाग केले आणि कंटेनर आला. ब्रिटनने आपली अशीच गोदी योजना 1989 मध्ये मोडली आणि आपल्याकडे 1997 च्या कायद्याने मोठ्या बंदरांतून 1948 चा कायदा उठला, हेही खरे. मात्र कंटेनर जगभर आला, मंडळे नव्हती तिथेही. तिसरा आक्षेप वऱ्हाडातला आणि सर्वांत गंभीर: हमाली शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, मग हमालाचे भले कास्तकाराच्या जिवावर का? आडत्याची पट्टी हातात घेऊन पाहा. हमाली, तोलाई, एकेक रकाना स्वच्छ लिहिलेला असतो. पण कायद्याने लेव्ही मालकावर आहे, शेतकऱ्यावर नाही. ती कास्तकाराकडून वसूल होत असेल तर दोष वसुली करणाऱ्याचा. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही आहेत आणि त्यांचा बंदोबस्त कठोरपणे व्हावा. पण तोही खऱ्या नोंदीनेच होईल, कारण खोटा माथाडी खऱ्या यादीतच उघडा पडतो.

अमरावतीच्या राजापेठेत ट्रक रिकामा होताना पाहिलात, तर पोते उचलणाऱ्याचे नाव कोणत्या वहीत आहे, एवढे दुकानदाराला जरूर विचारा.