पोटातला जंतू आणि त्याची जनुकं



वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की पोटाची तक्रार हमखास निघते. उपाशीपोटी दुखतं, जळजळतं, जेवलं की फुगतं. "आमच्या घराण्यातच आहे हो सिस्टर, सासऱ्यांनाही होतं," असं बायका सांगतात. मग मेडिकलमधून पित्ताची गोळी आणायची आणि दिवस ढकलायचा.

पूर्वी डॉक्टरही अल्सरचा दोष तिखटाला नि काळजीला देत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. तरी लोक मानेनात. १९८४ साली मार्शल तो जंतू स्वतः प्यायले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. आपण वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि पाहा, तसंच हे. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

भारतात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात हा जंतू असतो. मग अल्सर थोड्यांनाच का? एक कारण जंतूच्या जनुकांत आहे. जनुक म्हणजे काय बनवायचं ते सांगणारी चिठ्ठी. काही पायलोरींकडे 'कॅग-ए' नावाचं जनुक असतं. त्यापासून बनलेलं प्रथिन जंतू सुईसारख्या नळीतून जठराच्या पेशीत टोचतो. सूज वाढते, अल्सरचा आणि पुढे जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 'व्हॅक-ए' या दुसऱ्या जनुकाचे सौम्य आणि जहाल प्रकार आहेत. जहाल प्रकारचं विष पेशींना पोखरतं.

पण एकट्या जनुकावर सगळं ठरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पायलोरींत कॅग-ए असतं, तरी जठराचा कर्करोग इथे जपानइतका आढळत नाही. जंतूचा वाण, माणसाची प्रकृती, तंबाखू, फार खारट खाणं, अशी अनेक कारणं एकत्र येतात तेव्हा आजार होतो.

हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून येतो. दाटीची खोली आणि घाण पाणी त्याला मदत करतात. म्हणजे 'घराण्यातलं' दुखणं पुष्कळदा घरात फिरणाऱ्या जंतूचं असतं. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क मिळवायला शिकवलं. आज वस्तीच्या नळाला स्वच्छ पाणी मागणं हा त्याच लढ्याचा भाग आहे.

दुखणं टिकलं तर शौचाची, श्वासाची किंवा दुर्बिणीची तपासणी होते. जंतू सापडला तर उपचार आहे. दोन किंवा अधिक अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, बहुधा १४ दिवस. बरं वाटलं म्हणून किंवा रोजी बुडते म्हणून मध्येच सोडू नका. अर्धवट औषधातून वाचलेल्या जंतूंच्या जनुकांत असे बदल टिकतात की पुढे तेच औषध चालत नाही. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका, त्यांनीही अल्सर होतो.

शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त आलं, घास अडकू लागला, वजन आपोआप उतरलं, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पित्ताची गोळी घेऊन थांबू नका.