मनगटातली थरथर

सकाळी उठल्यावर दात घासण्याआधी एक काम. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटाच्या थोडं वर, शस्त्रक्रियेच्या व्रणाशेजारी ठेवायची आणि क्षणभर थांबायचं. मांजर गुरगुरत असताना तिच्या पाठीवर हात ठेवला तर लागते तशी बारीक, अखंड थरथर बोटांना लागली की दिवस सुरू. हात कानाशी नेला तर लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तसा घुमता आवाज येतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं जातं. निदान जायला हवं. कारण ही थरथर थांबली, तर परवाच्या डायलिसिसचं काय, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो.

ही थरथर ज्यातून येते त्याचं नाव एव्ही फिस्टुला. फिस्टुला म्हटलं की आपल्याकडे आधी भगंदर आठवतं, आणि ‘हाताला भगंदर कसं काय?’ असं नातेवाईक विचारतातही. मुळात शब्दाचा अर्थ एवढाच, की शरीरातल्या दोन जागांना जोडणारी, एरवी नसणारी वाट. इथे ती धमनी आणि शीर यांच्यात मुद्दाम पाडलेली असते.

डायलिसिसचं यंत्र मिनिटाला साधारण २५० ते ३५० मिलिलिटर रक्त ओढून घेतं, गाळतं आणि परत देतं. एका वेळी सुमारे चार तास. हातावरच्या साध्या शिरेतून एवढं रक्त मिळत नाही, ती लगेच चिकटते. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते, टोचली की दुखते आणि भळाभळा वाहते. म्हणून सर्जन धमनीचा जोर शिरेला उसना देतात. मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारून जाणारी शीर, दोन्हींना काही मिलिमीटरचा छेद घेऊन केसासारख्या दोऱ्याने एकमेकींना शिवतात. स्थानिक भूल पुरते. एरवी मनगटातल्या त्या धमनीतून मिनिटाला जेमतेम २०-३० मिलिलिटर रक्त वाहत असतं. केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता शिरेत उतरायची आडवाट मिळाली, की प्रवाह लगोलग कित्येक पटींनी वाढतो. या माऱ्याने शीर रुंदावते, तिची भिंत जाड होते. सहा आठवडे ते तीन महिन्यांत ती सुईला तयार होते. डॉक्टर यासाठी सहाचा हिशेब लक्षात ठेवतात : सहा आठवड्यांनी शीर सहा मिलिमीटर रुंद, त्वचेखाली सहा मिलिमीटरपेक्षा खोल नाही आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर.

गंमत अशी, की ही वाट आधी एक दुखापत म्हणून माहीत होती. युरोपात रक्तमोक्षण जोरात होतं तेव्हा कोपराच्या खोबणीत शीर कापताना पातं कधीकधी खालच्या धमनीत जाई आणि दोन्हींत जोड पडे. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं आहे. ती थरथर त्यांच्याही बोटांना लागली होती. दोनशे वर्षांनी तोच अपघात उपचार झाला. मधल्या काळात, १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रुग्णाच्या हातात कायमची बसवून वारंवार डायलिसिस शक्य करून दाखवलं होतं. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षं जगला. पण नळी त्वचेबाहेर असे. तिच्यात गुठळी होई, जंतू शिरत. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स सिमिनो आणि मायकेल ब्रेशिया यांनी विचार केला, की नळी हवीच कशाला? सर्जन केनेथ अ‍ॅपेल यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १९६६ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. मनगटाच्या फिस्टुलाला आजही ब्रेशिया-सिमिनो असंच म्हणतात. टाके घालणारे अ‍ॅपेल मात्र नावात आले नाहीत.

साठ वर्षं झाली, तरी याला मागे टाकील असं काही निघालेलं नाही. चांगला जमलेला फिस्टुला वर्षानुवर्षं चालतो, कृत्रिम नळीपेक्षा जंतुसंसर्ग कमी होतो. अडचण आहे ती ‘चांगला जमलेला’ या दोन शब्दांत. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल दिल्याने नवे फिस्टुला वाचतात का, हे त्यात पाहिलं होतं. औषधाने गुठळ्या कमी झाल्या; पण औषध मिळालेले असोत वा नसोत, सुमारे ६० टक्के फिस्टुला डायलिसिसच्या कामी येण्याइतके तयारच झाले नाहीत. नुसती वाट उघडी राहून भागत नाही, शिरेने रुंदावायलाही हवं. मधुमेहाने धमनी कडक झालेली असेल किंवा शीर आधीच खराब असेल, तर ती रुंदावत नाही.

शीर आधीच खराब का असते? याचं उत्तर आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात सापडतं. अशक्तपणा आला म्हणून एक बाटली सलाइन लावून घेणं हा आपल्याकडचा घरगुती उपायच झाला आहे. कोपरापासून मनगटापर्यंतची ठसठशीत शीर दिसली की सुई तिथेच जाते. प्रत्येक सुईने शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि पाच-सहा वेळा असं झालं की ती दोरीसारखी कडक होते. क्रिएटिनिन वाढू लागलेल्या मधुमेही माणसाने ज्या हाताने लिहीत नाही त्या हातावर सलाइन लावू देऊ नये. रक्त काढायचं तर पंजाच्या मागच्या बाजूने काढायला सांगावं. फुकटात होणारं हे काम पुढच्या कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा मोलाचं आहे, आणि ते सांगायला पाच वर्षांनी भेटणाऱ्या सर्जनची गरज नाही. फॅमिली डॉक्टरने सांगितलं तरी पुरे.

तयार झालेल्या फिस्टुलालाही पुढे धोके आहेत. सगळ्यात नेहमीचा म्हणजे अरुंदपणा. जोडाच्या लगेच पुढे, जिथे धमनीचा लोट शिरेच्या भिंतीवर आदळतो, तिथे अस्तर आतून जाड होत जातं. नळीची रुंदी निम्मी झाली तर तिचा अडथळा दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. प्रवाह मंदावतो आणि मग गुठळी व्हायला एखादं निमित्त पुरतं : उन्हाळ्यातले जुलाब, रात्री हात अंगाखाली येणं, घट्ट बांधलेली पट्टी, घट्ट बांगड्या, मनगटावरचा गंडा. मोठं निमित्त मात्र पाण्याचं. दोन डायलिसिसच्या मध्ये रुग्ण जास्त पाणी प्यायला, वजन तीन-चार किलोने वाढलं, की यंत्राला ते सगळं चार तासांत ओढावं लागतं. रक्तदाब कोसळतो, फिस्टुलातला प्रवाह रेंगाळतो आणि घरी गेल्यावर थरथर लागत नाही. ‘पाणी मोजून प्या’ हा सल्ला फुप्फुसांइतकाच या मनगटासाठीही असतो.

अरुंदपणाची चाहूल बोटांना आधी लागते. निरोगी फिस्टुला थरथरतो. पुढे अडथळा असला की थरथर जाऊन घणासारखे ठोके लागतात. आणखी एक सोपी परीक्षा आहे. हात डोक्यावर उचलून धरला की शीर थोडी तरी बसली पाहिजे. तशीच टम्म राहिली, तर रक्त पुढे जायला जागा नाही असं समजायचं. सुया काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर तीही खूणच. अशा वेळी डॉपलर सोनोग्राफी करून, अरुंद जागी फुगा घालून शीर रुंद करता येते. जोडाजवळचाच भाग बिघडला असेल तर सर्जन थोडं वर नवा जोड करतात. तयार शीर वाया जात नाही. गुठळी झाली तर घड्याळ सुरू होतं. पहिल्या ४८ तासांत ती काढली तर फिस्टुला वाचण्याची आशा चांगली. ‘सोमवारी डायलिसिसला जाऊ तेव्हा सांगू’ म्हणून रविवार घालवणारे रुग्ण इथे फसतात.

दुसरा त्रास उलटा. फिस्टुला इतका जोरात चालतो, की पंजाला रक्त उरत नाही. डॉक्टर याला स्टील म्हणतात, म्हणजे चोरी. बोटं गार आणि पांढुरकी पडतात, डायलिसिसच्या वेळी हात दुखतो. दुर्लक्ष झालं तर बोटांच्या टोकांना जखमा होऊन ती काळी पडतात. कोपराजवळच्या फिस्टुलात आणि मधुमेहींमध्ये याचं प्रमाण जास्त. फिस्टुला बांधून बंद केला की हात वाचतो, पण डायलिसिसची वाट जाते. न्यूयॉर्कचे हॅरी शँझर यांनी १९८८ मध्ये यावर सुचवलेली शस्त्रक्रिया पाटबंधाऱ्याच्या माणसाला पटेल अशी आहे : फिस्टुलाच्या बऱ्याच वरून धमनीतून एक वेगळा पाट काढून थेट खालच्या धमनीला जोडायचा आणि फिस्टुलाच्या लगेच खाली मूळ धमनी बांधून टाकायची. पंजाकडचं रक्त मग उलटं फिरून फिस्टुलात शिरत नाही. सौम्य त्रासात शिरेला बाहेरून पट्टी घालून प्रवाह आवळला तरी चालतं.

सगळ्यांत भीती वाटावी अशी गोष्ट मात्र दिसायला साधी असते. त्याच त्या जागी सुया टोचत राहिल्याने तिथली भिंत विरते आणि शिरेवर फुगवटे येतात. केंद्रात गडबड असते, ओळखीच्या जागी सुई चटकन जाते, रुग्णालाही तिथे कमी दुखतं. म्हणून जागा बदलली जात नाही. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दर वेळी थोडं पुढे सरकत टोचायला हवं. फुगवटा असला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असं नसतं. पण त्यावरची त्वचा पातळ होऊन चकाकू लागली, खपली धरून बसली, एकदा जरी आपोआप रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फुगवटा फुटला तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. अशा वेळी टॉवेल गुंडाळत बसू नये. तो नुसता भिजत राहतो. नेमक्या त्या छिद्रावर बोटाने घट्ट दाबायचं, हात उंच धरायचा, १०८ ला फोन करायचा आणि मदत येईपर्यंत बोट उचलून बघायचं नाही. ब्रिटनमध्ये रुग्णांना बाटलीचं झाकण, पोकळ बाजू खाली करून, छिद्रावर दाबून धरायला शिकवतात. वेळेत आलेल्या रुग्णात सर्जन विरलेला भाग कापून, शीर पुन्हा योग्य मापाची शिवून देतात किंवा मधला तुकडा बदलतात.

कधी दोष फिस्टुलात नसतोच. आपल्याकडे बरेच रुग्ण पहिल्यांदा येतात तेच धाप लागून, तातडीच्या डायलिसिसला. फिस्टुला नसतो, म्हणून मानेत नळी घालतात. पूर्वी ती सर्रास गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत घालत. आता मानेची उजवी बाजू पसंत करतात, कारण हाडाखालची शीर नळीमुळे आकसते. हे कळतं मात्र खूप नंतर, त्या बाजूला फिस्टुला केल्यावर. हात दंडापर्यंत सुजतो, छातीवर निळ्या शिरांचं जाळं उमटतं. फुगा किंवा स्टेंट घालून काही काळ निभावतं. नाहीच जमलं तर फिस्टुला बंद करून दुसऱ्या हाताकडे वळावं लागतं. आणि माणसाला हात दोनच. मनगट, मग कोपर, मग दंडातली खोल शीर वर आणून केलेला फिस्टुला, मग कृत्रिम नळीचा ग्राफ्ट. जागांची यादी एवढी छोटी आहे.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. तेव्हापासून यंत्रं किती बसली याच्या बातम्या येतात. त्या जिल्ह्यात फिस्टुला करणारा आणि बिघडलेला दुरुस्त करणारा सर्जन आहे का, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्याशिवाय यंत्र मानेतल्या नळीवर चालतं आणि ती नळी जितकी जास्त दिवस राहते, तितका रक्तात जंतू शिरण्याचा धोका वाढतो. हेही खरं, की प्रत्येकाला फिस्टुला हवाच असा हट्ट आता उरलेला नाही. अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘आधी फिस्टुला’चा जुना आग्रह सैल केला. ऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेल्या आजोबांना तीन-तीन शस्त्रक्रियांच्या फेऱ्यांतून नेण्यापेक्षा ग्राफ्ट किंवा नळी बरी, असं ठरू शकतं.

हृदयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विश्रांतीत असलेलं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. दंडातला फिस्टुला त्यातून दीड-दोन लिटर परस्पर वळवू लागला, तर हृदयाला तेवढं काम जादा. फिस्टुला बोटाने दाबून क्षणभर बंद केला की नाडी मंदावते. एकोणिसाव्या शतकात टिपलेली ही खूण अजून वापरतात. म्हणून मूत्रपिंडरोपण यशस्वी झाल्यावर फिस्टुला ठेवायचा की बंद करायचा, हा प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं, की रोपणानंतर फिस्टुला बंद केलेल्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा जाडपणा लक्षणीय उतरला. तरी बरेच रुग्ण तयार होत नाहीत. नवं मूत्रपिंड उद्या दगा देईल, ही भीती डायलिसिसची खुर्ची पाहिलेल्या माणसाला सोडत नाही, आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही. बंद करायचं ठरलंच तर स्थानिक भूल देऊन शस्त्रक्रिया होते. फुगलेली शीर रक्त गोठून कडक होते, काही दिवस लाल होऊन दुखते. ते अपेक्षितच असतं, हे रुग्णाला आधी सांगून ठेवावं.