बोहल्यावरचा पुरुष

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि घराघरांत कपड्यांच्या याद्या निघतात. नवरीच्या बाबतीत अजूनही बारकाईने विचार होतो. पैठणी कुठल्या मागाची, जर खरी की नकली, अष्टपुत्री कधी नेसायची, विधीला कोणती साडी आणि स्वागतसमारंभाला कोणती, यावर बायका महिनाभर बोलतात. नवरदेवाचा प्रश्न मात्र एका दुपारी, एका दुकानात सुटतो. ‘ट्रॅडिशनल’ असे लिहिलेल्या मजल्यावर खड्यामोत्यांची शेरवानी, तिच्याशी जुळणारा दुपट्टा, आयता बांधलेला फेटा आणि टोकदार मोजडी असा संच मिळतो. सकाळी अंगावर चढलेला हा संच रात्रीची पंगत उठेपर्यंत उतरत नाही. माझे भांडण शेरवानीशी नाही. एकाच कपड्यात दिवसभराची सगळी कामे उरकायची, या कल्पनेशी आहे. पुरुषाच्या पोशाखाची आपल्याकडची जुनी रीत नेमकी उलट होती: काम बदलले की कपडा बदलायचा. शुभप्रसंगी काय घालावे हे ठरवताना ‘पारंपरिक कोणते’ यापेक्षा ‘या घटकेला काम कोणते’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

विधीपासून सुरुवात करू. नवरदेवाला पाटावर मांडी घालून बराच वेळ बसायचे असते, समोर होम पेटलेला असतो, हातात तूप, लाह्या, पाणी, अक्षता असतात. सप्तपदीला त्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या शेल्याची गाठ मारायची असते. या सगळ्याला न शिवलेला कपडा बरोब्बर पुरा पडतो. धोतराला कंबरपट्टी नाही, त्यामुळे मांडी घातली की ते सैल होते आणि उठले की पुन्हा नीट बसते. उपरणे गाठीसाठी खांद्यावर हजरच असते. कद, मुकटा, पीतांबर ही रेशमी वस्त्रे सोवळ्याची म्हणून विधीला आली, आणि एक व्यवहारी गुण त्यांच्याबरोबर आपोआप आला: रेशीम ठिणगीने पटकन पेट घेत नाही. पॉलिएस्टर आचेजवळ वितळून कातडीला चिकटते. आज दुकानात ‘सिल्क’ म्हणून विकले जाणारे बरेचसे कापड पॉलिएस्टरच असते आणि तेच आपण होमाला बसणाऱ्या माणसाला नेसवतो. शेरवानीवाल्या नवरदेवाला गाठीपुरते उपरणे लागतेच, मग ऐनवेळी कुठून तरी एक जरीची पट्टी आणून खांद्याला टाचणीने अडकवतात. टाचणी लागली म्हणजे कपडा त्या कामाचा नव्हता, एवढे उघड आहे.

दरबाराची गोष्ट वेगळी. तिथे शिवलेला कपडा लागे. जामा, अंगरखा, बंदांनी बांधायची बाराबंदी ही त्या जगातली वस्त्रे. पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या १७९० सालच्या तहाचा पुण्यातला दरबार थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवला. त्यासाठी त्याने पुण्यात राहिलेल्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा आधार घेतला होता. त्या चित्रात डोळ्यांत भरतो तो पांढरा रंग. एवढा वैभवाचा प्रसंग, तरी दरबारी मंडळींच्या अंगावर बहुतांश पातळ पांढरे जामे आहेत आणि रंग चढतो तो पागोट्यांत आणि शालींत. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आल्यावर जो ‘पेशवाई’ पोशाख लग्नाच्या बाजारात स्थिरावला, तो जाड, अस्तरबंद आणि नखशिखांत भरतकाम केलेला आहे. सिनेमाला ते शोभते, कारण कॅमेऱ्याला दुरून चमक लागते. पण पेशवाईचे नाव घेऊन वैशाखात नागपूरला हा पोशाख घालणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की खुद्द पेशवाईने उन्हाळ्यावर शोधलेला उपाय मलमलीचा होता. पुढे इंग्रजी अमदानीत धोतर, त्यावर लांब बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे आणि डोक्यावर पगडी असा मेळ बसला. त्या पिढीतल्या वकील-मास्तरांच्या फोटोंत तो सर्रास दिसतो. खाली देशी, वर विलायती धर्तीचे, आणि कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही. शुद्ध परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे फोटो जरूर पाहावेत.

म्हणूनच ‘शेरवानी आपली नाही’ हा आक्षेप मला अर्धवट वाटतो. शेरवानी फार जुनी नाही, हे खरे. अंगरख्याच्या घराण्यातला आणि युरोपीय फ्रॉककोटाच्या बेताचा हा कपडा एकोणिसाव्या शतकात लखनौ, अलीगढ, हैदराबादच्या नागर जगात घडला. अलीगढच्या विद्यार्थ्यांची काळी शेरवानी तर ओळखच बनली. पण मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या कचेऱ्यांत शेरवानी हा रीतीचा पोशाख होता आणि निजामाच्या नोकरीतले हिंदू अधिकारीही ती घालत. तेव्हा छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या घरात शेरवानी पाहुणी नाही. शिवाय तिला साजेसे कापड आपल्याच भूमीत विणले गेले: संभाजीनगरचे, म्हणजे जुन्या औरंगाबादचे हिमरू, सूत आणि रेशमाचे, वेलबुट्टी विणीतूनच उमटणारे. हिमरूची शेरवानी किंवा अचकन शिवली तर वरून खडे चिकटवण्याची गरजच उरत नाही. मात्र ती मुळात कचेरीची आणि बैठकीची आहे, उभ्याने लोकांना भेटण्याची. स्वागतसमारंभाला ती शोभेल. पाटावर तिचा पुढचा घेर दुमडतो आणि चुडीदार गुडघ्यात आवळतो.

याहून गंभीर आक्षेप जातीचा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. सोवळे, कद, पुणेरी पगडी हे सगळे एका विशिष्ट वर्गाचे, मग ‘मराठी परंपरा’ म्हणून ते सर्वांच्या डोक्यावर का ठेवायचे? २०१८ साली पुण्यातल्या सभेत शरद पवारांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरण्याचा आग्रह धरला, तेव्हा हाच प्रश्न चव्हाट्यावर आला. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने एखादी वस्तू साऱ्या समाजाची होत नाही. ज्यांच्या आजोबांना चांगले कापड अंगावर घालायची मोकळीक नव्हती, त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांचा सूट हाच मानाचा पोशाख ठरला, आणि बौद्ध पद्धतीच्या विवाहात पांढरे वस्त्र हीच आता रीत आहे. तिला परंपरा न मानणे उद्धटपणाचे होईल. गोव्यातल्या ख्रिस्ती नवरदेवाचा सूटही असाच पिढ्यांचा झालेला आहे. माझा मुद्दा यामुळे ढळत नाही, उलट पक्का होतो. कामाप्रमाणे कपडा म्हणताना विधी कोणता हे त्या घरानेच सांगायचे असते. होम नसेल तर सोवळे कशाला? आणि साधे सुती धोतर, मुंडासे, फेटा तर शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत सगळ्यांचेच होते. फरक पोताचा, काठाचा आणि बांधणीचा होता.

‘धोतर नेसता कोणाला येते?’ हा आक्षेप मात्र आळसाचा आहे. निऱ्या घालून कासोटा खोचणे दोन-चार दिवसांच्या सरावाने जमते, आणि लग्नघरात ते शिकवणारा एखादा काका किंवा गुरुजी सापडतोच. इलॅस्टिकचे शिवलेले धोतर म्हणजे धोतराच्या वेषातली विजार: निऱ्या शिवणीत अडकलेल्या, बसल्यावर ताणणाऱ्या. वरातीत घटकाभर नाचण्यासाठी ते चालेल. ‘हॉल वातानुकूलित असतो’ असेही सांगतात. पण सीमांतपूजन, वरात, दारातले फोटो आणि पार्किंगमधली निरोपानिरोपी वातानुकूलित नसते, आणि विधीचा धूर कोंडू नये म्हणून होमापुरती यंत्रणा बंदही करतात.

आता पैशाचे. भरतकाम वजन वाढवते, किंमत वाढवते आणि शिवणीतले दोष झाकते, म्हणून दुकानदार ते आधी पुढे करतो. गिऱ्हाइकाने आधी खांद्याची शिवण आणि बगल पाहावी, हात वर करून पाहावा, आणि अस्तर उलटे करून हाताला लावावे. बाहेर रेशीम आणि आत नायलॉन असेल तर त्या रेशमाचा अंगाला काहीच उपयोग नाही. चुडीदार उरेब कापडाचा आहे ना, हे विचारावे. उभ्या कापडाचा चुडीदार गुडघ्यावर उसवतो. खऱ्या जरीत चांदीची तार असते, नकलीत तांब्याची तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी, आणि दोन्हींच्या भावातला फरक बिलात दिसला पाहिजे. एवढ्यावर भागत नसेल तर खड्यांची शेरवानी भाड्याने घेणे शहाणपणाचे, कारण ती पुन्हा घालायचा प्रसंग बहुधा येत नाही. विकत घ्यायचा तो बंद गळ्याचा कोट. तो पुढे भावाच्या लग्नाला, कार्यालयाच्या समारंभाला, दिवाळीला निघतो. पायात कोल्हापुरी असावी. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापूरचे नाव न घेता तिच्यासारखी चप्पल दाखवली आणि इकडे संताप झाला; पण आपल्याच नवरदेवाच्या पायात ती किती लग्नांत दिसते? मात्र नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते, तेव्हा ती निदान महिनाभर आधी घेऊन घरात वापरावी.

फेट्याचेही तसेच. आयता टोपीसारखा चढवायचा फेटा कपाळावर घसरतो आणि मुंडावळ्यांची दोरी त्यावर टिकत नाही. बांधणारा माणूस बोलवावा, सुती किंवा रेशमी लांब कापड द्यावे आणि नवरदेवाच्या डोक्याच्या मापानेच पीळ घालून घ्यावा. वऱ्हाडातल्या सगळ्यांना एकाच रंगाचे भाड्याचे फेटे वाटण्याची जी टूम आली आहे, ती फोटोपुरती ठीक आहे. पण त्यात नवरदेव कोणता हे दुरून ओळखू येत नाही. आणि शेरवानीसाठी हिमरूच घ्यायचे ठरवले, तर ते पुरते अस्सल आहे याची खात्री विणकराकडे जाऊनच करावी. माग थोडे उरले आहेत, काम हळू चालते, आणि फाल्गुनातल्या मुहूर्तासाठी मागणी दिवाळीतच नोंदवावी लागते.