'देवाक काळजी' आणि आपलं नियोजन



आमच्या मालवण भागात एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं : "देवाक काळजी." म्हणजे काळजी करायला देव आहे, तू कशाला करतोस. मलाही हे वाक्य आवडतं. घरातला माणूस समुद्रावर असताना वारा सुटला की याच वाक्याने धीर येतो. पण काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा याच वाक्यापाशी अडकला.

पाचवीतला, गणितात चांगला. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय सांगेलीला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असतानाच परीक्षा असते, ८० प्रश्न, २ तास. फॉर्मला फी नाही. मात्र ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी. मी कागद मागितले तर म्हणाले, "बाई, देवाक काळजी. नशिबात आसात तर होतला." मी आणखी एकदा निरोप पाठवला आणि मग सोडून दिलं. तारीख गेली. यात चूक त्यांच्याइतकीच माझीही होती.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. देवावर टाकून मोकळे झाले, असं वाटलं. पण हाच माणूस बर्फ, डिझेल, पिण्याचं पाणी, जाळी तपासल्याशिवाय बंदर सोडत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जाळी विणून-सांधून होतात, इंजिनाची कामं होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात तो मनापासून, पण तोवर तयारी झालेली असते. मग आळस म्हणायचा तरी कसा?

याचं उत्तर मला आचऱ्याच्या गावपळणीत सापडलं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. मालवण तालुक्यातल्या आचरा गावात दर तीन-चार वर्षांनी, ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन, सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे. मागे घरं देवाच्या हवाली. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, मिळाला तर परतायचं, नाही तर मुक्काम वाढतो. चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे.

यापेक्षा मोठा विश्वास कोणता? आणि तयारी बघा! राहुटीसाठी जागा आधी हेरलेली असते, जवळ पाणी आहे का ते पाहिलेलं असतं. झावळ्या, बांबू, तांदूळ, नारळ, थंडीची पांघरुणं, गुरांचं गवत, आजीच्या गोळ्या. मुक्काम वाढला तर म्हणून थोडं जास्तीचं सामानसुद्धा. रात्री तिथे भजनं रंगतात, मुलांची तर चंगळ असते. कधी जायचं, कधी परतायचं हे देव ठरवतो. काय न्यायचं याचा कौल मात्र कोणी लावत नाही.

मी वर्गात हा पाठ घेतला. फळ्यावर दोन रकाने केले, 'देवाकडे काय' आणि 'आपल्याकडे काय'. मुलं भराभर सांगू लागली. एक मुलगी म्हणाली, "घराची राखण देव करता, पण जेवाण आयेकच करूचा लागता." मग तेच दोन रकाने परीक्षेसाठी केले. पेपर कसा येईल, त्या दिवशी ताप येईल का, हे पहिल्या रकान्यात गेलं. रोजची दहा गणितं दुसऱ्यात. आणि फॉर्म? तो कुठे लिहायचा, हे कोणालाच सांगता येईना. सगळा वर्ग गप्प.

तिथे मला कळलं. गावपळणीला काय लागतं, बोटीवर काय लागतं, हे घराघरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ऑनलाइन फॉर्मला काय लागतं, हे त्या घरात कधी कोणी केलेलंच नाही. पुढची पायरी दिसत नसली की माणूस "देवाक काळजी" म्हणतो. त्यात श्रद्धा असतेच, पण विचारायचा संकोचही असतो. माझ्यासारख्या डीएड झालेल्या बाईला हे समजायला एका मुलाची संधी जावी लागली, याचं वाईट वाटतं.

आता मी जूनच्या पालकसभेतच एक कागद देते. त्यावर फोटो, आधार, रहिवासाचा पुरावा, मुलाची आणि पालकाची सही, आणि फॉर्म भरायला शाळेत यायचा वार, एवढंच. शेवटची तारीख जाहीर झाली की ती त्यात मोठ्या अक्षरात लिहायची. कागद देवघराशेजारी चिकटवा, असं सांगते. रोज दिवा लावताना नजर पडते.

त्या मुलाची धाकटी बहीण यंदा पाचवीत आहे. मी निरोप पाठवायच्या आधीच वडील शाळेच्या दारात उभे. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "बाई, देवाक काळजी आसाच," ते म्हणाले, "पण माझी सही खंय करूची?"