हरीण मोठं कसं करायचं?

पावसाळ्यात लाईट गेले की पूर्वी कंदील निघायचा, आता मोबाईलचा टॉर्च निघतो. परवा असंच झालं. मोबाईल टेबलावर उभा केला, मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याला टेकवली, उरलेली दोन बोटं वर ताठ ठेवली. भिंतीवर शिंगांचं हरीण उभं राहिलं. साडेचार वर्षांची भाची म्हणाली, ‘‘मामा, मोठं कर ना,’’ आणि माझा हात धरून भिंतीकडे ओढू लागली.

तिचा हिशेब चोख होता. जवळ गेलं की वस्तू मोठी दिसते, मग हरीणही भिंतीजवळ गेलं की मोठं होणार! ते झालं लहान. ती चिडली.

टॉर्चचे किरण पसरत जातात. भिंत दोन मीटरवर आणि हात बरोबर मध्ये असेल, तर सावली हाताच्या दुप्पट. हात टॉर्चपासून अर्ध्या मीटरवर आणला की चौपट. पण मोठं झालेलं हरीण कडेला फिसकटतं. टॉर्चचा दिवा म्हणजे काही बिंदू नव्हे. तो पाच मिलिमीटरचा धरला, तर हात मध्यावर असताना सावलीच्या कडेची धूसर पट्टी पाच मिलिमीटर, चौपट हरणाची पंधरा. या पट्टीला उपच्छाया म्हणतात, आतल्या गडद भागाला प्रच्छाया. चंद्रग्रहणाच्या बातम्यांत भेटतात ते हेच शब्द.

म्हणून तर छायाबाहुल्यांचा खेळ करणारे बाहुली पडद्याला टेकवून धरतात. मागच्या दिव्याची ज्योत चांगली बोटभर, तीही हलणारी. बाहुली पडद्यापासून सुटली की कड गेलीच. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांची ही कला जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

लहान मुलांची बोटं हरणासाठी वळत नाहीत, अनामिका तर अजिबात ऐकत नाही. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्यावा, आकृती कापून खराट्याच्या काडीला चिकटवावी. चित्र बाजूने दिसणारं हवं. सावलीला फक्त बाह्यरेषा कळते, त्यामुळे समोरून काढलेला हत्ती बटाटा होतो. आमच्या हत्तीला आधी डोळा नव्हता. कागदाला भोक पाडायच्या यंत्राने एक टिचकी दिली आणि तो एकदम बघायला लागला. पोटाला खिडकी कापून पतंगाचा लाल कागद लावला, तर सावलीत लाल ठिपका. ‘‘सावली काळीच असते’’ हे तिचं ठाम मत तिथे डळमळलं.

तेवढ्यात लाईट आले आणि भिंतीवरचं हरीण गुल. ‘‘कुठे गेलं?’’ समोरच्या भिंतीवर चार फुटी ट्यूब आडवी होती. मी पेन्सिल हरणाच्या भिंतीपासून वीतभर पुढे उभी धरली, सावली जवळजवळ दिसेना. ट्यूबला समांतर, आडवी केली, तर ठसठशीत रेघ! ट्यूब लांबीत 120 सेंटीमीटर, जाडीत जेमतेम अडीच. उभ्या पेन्सिलीच्या मागे ट्यूबच्या या ना त्या टोकाकडून उजेड पोचतोच. आडवी पेन्सिल मात्र त्या अडीच सेंटीमीटरची वाट अडवते.

हे सगळं मी तिला सांगत बसलो नाही. ती पेन्सिल फिरवत होती. आडवी, उभी, आडवी. मग थोडी तिरकी.