वेलांटी आधी

कार्ल्यात भाद्रपद लागला तरी भिंतींची ओल जात नाही. शेजारच्या काकांचं गोदरेजचं मराठी मशीन त्या ओलीनं गंजायला लागलं, तेव्हा ते मी घरी आणलं. वडगावच्या कचेरीबाहेर काकांनी त्यावर चाळीस वर्षं अर्ज टाइप केले. गोदरेजचा पहिला टाइपरायटर १९५५ मध्ये आला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबलं. आता अर्ज संगणकावर करतात, आणि सपाट की-बोर्डवर काकांची बोटं अडखळतात. म्हणून ठरवलं, हे मशीनच संगणकाला जोडायचं.

कळ दाबली की तिची लोखंडी दांडी खाली झुकते. दांड्यांच्या ओळीखाली मी तांब्याच्या पातळ जिभा बसवल्या, दर दांडीला एक. दांडी जिभेला टेकली की मशीनच्या सांगाड्यातून विजेची वाट पुरी होते. आठ-आठ तारा घेणाऱ्या सहा चिप, आणि त्यांच्यापुढे आर्दुइनो लिओनार्डो. हा बोर्ड यूएसबीला लावला की संगणक त्याला की-बोर्डच समजतो; संगणकावर इनस्क्रिप्ट मांडणी लावून ठेवायची. पहिल्या दिवशी एका ठोक्याला तीन-तीन ‘क’ उमटले. धातू टेकताना थरथरतो. बोर्डाला वीस मिलिसेकंद थांबायला सांगितलं, तेव्हा ते बंद झालं. गंजलेल्या दांड्या मात्र पॉलिश पेपरनं घासाव्या लागल्या.

इंग्रजी मशीन असतं तर काम इथेच संपलं असतं. मराठी मशीनवर हात कागदाच्या क्रमानं चालतो. ‘विषय’ घ्या. काका आधी पहिली वेलांटी मारतात, मग व. मग अर्धा ष, त्याला काना दिला की ष पुरा. मग य. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा: आधी व, मागून वेलांटी, आणि ष अखंड. म्हणून वेलांटी आली की बोर्ड ती धरून ठेवतो आणि व्यंजन पुरं झाल्यावर सोडतो. ‘अर्जदार’मध्ये याच्या उलट. रफार ज नंतर येतो, तोवर ज पडद्यावर गेलेला असतो. तो पुसायचा, पाय मोडलेला र पाठवायचा, मग पुन्हा ज.

वर डोंगरात, कार्ल्याच्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखांत इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावर बसते. देवनागरीत ती डावीकडे उतरली, तिथून वेलांटीचा हा पेच.

काकांनाच नवा क्रम शिकव, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या, इतक्या तयार हाताला उलटं चालायला का लावायचं? शिकायचं तर बोर्डानं शिकावं.

रविवारी त्यांना बोलावलं. ‘‘काका, मारा काहीतरी.’’ त्यांनी आधी कागद चढवला. नुसत्या रुळावर ठोके मारले की रूळ खराब होतो, म्हणाले. ‘विषय’ टाइप केलं. कागद पाहिला, मग चष्मा सावरून पडदा पाहिला.

‘‘डावीकडे समास किती सोडू?’’ त्यांनी विचारलं.